चित्रवही फाडणाऱ्यांस

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात येऊन बसलो होतो. धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ पत्नीसह आत आले आणि त्यांनी एक जाडजूड चित्रवही आमच्यासमोर ठेवली. वही त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलीची होती. "फादर, तुम्हीच बघा. ज्या घरात रोज संध्याकाळी रोझरी होते, त्या घरात हे असले चालले आहे," एवढेच ते म्हणाले.

आम्ही पाने उलटली. वहीच्या पहिल्या भागात कल्पित व्यक्तींची चित्रे होती. टोकदार कानांची एक राणी, कपाळावर शिंगे असलेला योद्धा, माशाची शेपटी असलेली स्त्री, पाठीवर गरुडाचे पंख फुटलेला तरुण. वही उलटी करून मागच्या बाजूने सुरू केलेला दुसरा भाग मात्र निराळाच होता. तेथे एकाही आकृतीला चेहरा नव्हता. एकेका पानावर वीस-वीस मानवाकृती, चार-सहा रेषांत काढलेल्या. कोणी वाकलेली, कोणी धावणारी, कोणी ओझे उचलणारी. मग नुसते हात, नुसती पावले, मानेचे स्नायू. अखेरच्या काही पानांवर शरीररचनेच्या पुस्तकावरून आणि पुतळ्यांच्या छायाचित्रांवरून उतरवलेल्या विवस्त्र आकृती होत्या. वडिलांचा आक्षेप पहिल्या भागावर होता. अशा चित्रांतून सैतानाला घराचे दार उघडते, असे त्यांनी कोठल्याशा प्रार्थनासभेत ऐकले होते. आईचा आक्षेप दुसऱ्या भागावर होता. आम्ही त्या पानांकडे वळताच त्या माउलीने मान खाली घातली.

आम्ही काय उत्तर दिले? "मुलीचा हात चांगला आहे, पण वय अडनिडे आहे, लक्ष असू द्या." धर्मगुरूच्या तोंडी सवयीने येणारे हे उत्तर. त्याने कोणी दुखावत नाही आणि त्याचा कोणाला उपयोगही होत नाही. आठवड्याभराने कळले की, ती वही फाडून वाडीतल्या पालापाचोळ्याबरोबर जाळण्यात आली. पुढे ती मुलगी भेटली तेव्हा आम्ही चौकशी केली. "आता नाही काढत, फादर," एवढे म्हणून ती निघून गेली.

जे उत्तर त्या दिवशी आम्ही द्यावयास हवे होते, ते आज येथे देत आहोत. ते केवळ त्या एका कुटुंबासाठी नाही. आपल्या अनेक घरांतून अशा वह्या लपवल्या जातात, काही फाडल्या जातात, आणि फाडणाऱ्यांना आपण धर्माचे रक्षण करीत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. आमचे म्हणणे असे की, हे धर्माचे रक्षण नव्हे. अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीचे चित्र काढणे हे पाप नाही आणि अस्तित्वात असलेल्या देहाचा अभ्यास करणे हेही पाप नाही. किंबहुना पहिली गोष्ट दुसरीवाचून होतच नाही. आणि देव मनुष्यदेह धारण करून आला, असे मानणाऱ्या ख्रिस्तसभेने या दोहोंपैकी कशालाही भ्यावे असे काही नाही.

प्रथम त्या वहीत काय चालले होते, ते समजून घेतले पाहिजे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते समजून घेतलेले नसते. पंख असलेला मनुष्य काढायचा झाला तर पंख चिकटवायचे कोठे? आपण हात वर उचलतो तेव्हा पाठीवरचा खांद्याचा फरा सरकतो, गळ्याजवळचे हाड तिरके होते, छातीचा स्नायू ताणला जातो. ज्याला हे ठाऊक नाही त्याने काढलेले पंख पाठीवर नाटकातल्या पुठ्ठ्यासारखे लटकतात. मत्स्यकन्येची शेपटी कमरेच्या खुब्यापासून सुरू व्हावयास हवी, की मांडीपासून? शिंगांचे ओझे पेलणारी मान किती जाड हवी? पाहणाऱ्याला हे प्रश्न सुचतही नाहीत, परंतु उत्तर चुकले की चित्र खोटे आहे हे त्याला तत्क्षणी कळते. जे कधीही नव्हते ते खरे वाटावे, यासाठी जे आहे ते आधी पाठ असावे लागते.

म्हणून वहीच्या मागच्या बाजूचा तो सराव. मॉडेल अर्धा मिनिट किंवा एक मिनिट एका अवस्थेत उभा राहतो आणि तेवढ्या अवधीत त्याच्या शरीराचा कल, वजनाचा भार आणि हालचालीचा ओघ पकडायचा असतो. चेहरा काढायला तेथे वेळच नसतो. मग पाच मिनिटांची, वीस मिनिटांची रेखाटने येतात. प्रौढ मनुष्याची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट भरते, वीरपुरुष काढताना चित्रकार ती आठ किंवा त्याहून थोडी अधिक धरतात, आणि वर्षाच्या बाळाची उंची चारच डोक्यांएवढी असते. डोळे कपाळाखाली लगेच नसून डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. मनुष्य एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूचा खुबा वर जातो आणि खांदा खाली झुकतो. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण हातात येतात त्या शेकडो आकृती काढल्यावरच. आपल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसलेल्या मुलांना स्थिरचित्र काढताना डोळ्यांवर जो ताण येतो तो आठवत असेल. हलत्या-बोलत्या देहासमोर तो कैकपटीने वाढतो. त्या मुलीने काढलेली प्रत्येक चेहराहीन आकृती म्हणजे तिच्या पंखवाल्या तरुणासाठी भरलेला एकेक हप्ता होता.

याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याच ख्रिस्तसभेच्या हृदयस्थानी आहे. रोममधील सिस्टीन चॅपेलचे छत मायकेलँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवले. त्यावर बायबलमधील सात संदेष्टे आहेत आणि त्यांच्या जोडीला पाच सिबिल आहेत. सिबिल म्हणजे ग्रीक-रोमन पुराणकथांतील भविष्यवादिनी. त्या ख्रिस्ती नव्हत्या, यहुदीही नव्हत्या. त्यांना कोणी पाहिलेले नव्हते. आजच्या भाषेत बोलायचे तर ती कल्पित व्यक्तींची चित्रेच होत. त्यांपैकी लिबियन सिबिल एक प्रचंड ग्रंथ दोन्ही हातांनी मागे ठेवीत वळली आहे, असे छतावर दिसते. तिच्यासाठी मायकेलँजेलोने लाल खडूने केलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जतन केलेला आहे. तो एका पुरुष मॉडेलला समोर ठेवून केला आहे. पीळ पडलेली उघडी पाठ, खांद्यांचे फरे, बाजूला पुन्हा एकदा चेहरा, आणि खाली ज्यावर साऱ्या देहाचा भार आहे त्या पायाची बोटे पुन्हा पुन्हा काढलेली. जगातला एवढा मोठा कलावंत पायाच्या अंगठ्यापाशी अडला आणि तो अंगठा जमेपर्यंत काढीत राहिला! आमच्या धर्मग्रामातील त्या मुलीच्या वहीत पावलांनी भरलेले पान होते. ते कशाचे पान होते, हे आम्हांला ठाऊक असूनही आम्ही बोललो नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ऐन तारुण्यात मायकेलँजेलोला मानवी शरीर आतून कसे असते हे पाहायचे होते. फ्लॉरेन्समधील सांतो स्पिरितो मठाच्या प्रमुख धर्मगुरूंनी त्याला मठाच्या रुग्णालयातील शवांचा अभ्यास करण्याची मोकळीक दिली. त्याची उतराई म्हणून त्याने लाकडात कोरलेला क्रूसावरील ख्रिस्त मठाला अर्पण केला. तो आजही त्याच चर्चमध्ये आहे, आणि त्या ख्रिस्ताच्या अंगावर वस्त्र नाही. एका धर्मगुरूने दार उघडले म्हणून हे घडले. आम्हीही धर्मगुरू आहोत. आमच्यापुढे वही आली तेव्हा आम्ही "लक्ष असू द्या" असे सांगून दार लोटून घेतले. ही तुलना आम्हांला सुखावणारी नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. शिंगे, शेपट्या, पंख हे सारे सैतानी आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपले पवित्र शास्त्र पुन्हा एकदा उघडावे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मूर्ती करून पूजू नये अशी आज्ञा आहे. आणि त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावर पंख पसरलेले सोन्याचे दोन करूब घडवावेत, असे देवच मोशेला सांगतो. ते काम ज्या कारागिराकडे आले त्या बसालेलला देवाने आपल्या आत्म्याने भरले, असे पुढे एकतिसाव्या अध्यायात म्हटले आहे. यहेज्केलाने पाहिलेल्या चार मुखांच्या प्राण्यांतून शुभवर्तमानकारांची चिन्हे आली. मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड, चौघेही पंखधारी. प्रकटीकरणात सात डोक्यांचा अजगर आहे. पवित्र मरियेच्या पायाखाली सर्प, संत जॉर्जच्या भाल्याखाली ड्रॅगन आणि संत मायकलच्या पावलांखाली शिंगवाला सैतान आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. हे सर्व कोणी काढले? ज्यांना कल्पना करता येत होती त्यांनीच.

प्रकटीकरणातील दर्शने जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४९८ मध्ये लाकडी ठशांतून छापली. त्याच्या सात डोक्यांच्या पशूकडे पाहून आजही अंगावर काटा येतो. हाच ड्यूरर आयुष्यभर स्त्री-पुरुषांच्या देहांची मापे घेत राहिला, आणि मानवी प्रमाणांवरचा त्याचा चार भागांतील ग्रंथ १५२८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच प्रसिद्ध झाला. अजगर काढणारा आणि माणूस मोजणारा हात एकच होता.

याच ड्यूररच्या एका चित्राचा गोव्याशी संबंध आहे. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना एक गेंडा भेट मिळाला. तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने रवाना झाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन, एवढ्यावर त्याने गेंड्याचे चित्र केले. कातडीच्या जागी चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, मानेवर एक जादा शिंग! तपशील चुकलेले आहेत, पण जनावर जिवंत वाटते आणि युरोपात पिढ्यान्‌पिढ्या तोच खरा गेंडा मानला गेला. याचे कारण, जिवंत प्राण्याची कातडी कोठे दुमडते, पाय भार कसा पेलतात, हे त्या हाताला आधीपासून ठाऊक होते. कल्पनाशक्ती म्हणजे थापा मारणे नव्हे. पाहिलेल्या गोष्टींच्या भांडवलावर न पाहिलेल्या गोष्टीपर्यंत जाणे, ही कल्पनाशक्ती. जाता जाता हेही सांगावयास हवे की, तो गेंडा पुढे पोप लिओ दहावे यांना भेट म्हणून पाठवण्यात आला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

आमचे विरोधक संत बर्नार्ड यांचा दाखला देतील, म्हणून तो आम्हीच देतो. बाराव्या शतकात त्यांनी मठांच्या खांबांवर कोरलेल्या विचित्र प्राण्यांबद्दल कठोर शब्दांत तक्रार केली होती. परंतु त्यांचा रोख नीट पाहावा. संन्याशांचे लक्ष वाचनातून आणि ध्यानातून उडते, आणि गरिबांना मिळावा तो पैसा दगडावर खर्च होतो, हे त्यांचे दुःख होते. सतरा वर्षांच्या मुलीने वीस-पंचवीस रुपयांच्या पेन्सिलीने काढलेल्या राणीला हा युक्तिवाद लागू पडत नाही.

अलीकडच्या काळाचेही उदाहरण आहे. कल्पित जगांच्या कथा आणि चित्रे यांची आज जी लाट आहे, तिच्या मुळाशी जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज लेखकाचे 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) हे ग्रंथ आहेत. हा लेखक निष्ठावान कॅथलिक होता. वडील लवकर गेले, आई तो बारा वर्षांचा असताना वारली, आणि आईच्या इच्छेनुसार त्याचे व त्याच्या भावाचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी पत्करले. पुढे १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्याने मांडलेला विचार असा की, मनुष्य निर्मात्याच्या प्रतिरूपात घडला असल्यामुळे तोही आपल्या परीने दुय्यम निर्मिती करतो. हा त्याचा हक्क आहे. 'द हॉबिट'साठी त्याने स्वतः चित्रेही काढली. ज्या टोकदार कानांच्या मंडळींना आमचे सद्गृहस्थ सैतानाची प्रजा समजले, त्यांचे आजचे रूढ रूप बऱ्याच अंशी एका धर्मगुरूने वाढवलेल्या अनाथ मुलाच्या कथांतून आले आहे.

याचा अर्थ प्रत्येक कल्पित चित्र निर्दोष असते, असा नाही. क्रौर्याची चटक लावणारी चित्रे आहेत, द्वेष शिकवणारी आहेत. पण तो न्याय चित्रात काय सांगितले आहे यावरून करावा लागतो, कान टोकदार आहेत की गोल यावरून नव्हे. आणि हा न्याय करायचा तर चित्रापुढे बसून मुलीला विचारावे लागते, "बाळ, ही राणी कोण? तिला काय हवे आहे?" आमच्या त्या सद्गृहस्थांनी हा प्रश्न मुलीला विचारला नव्हता. आम्हीही विचारला नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो अधिक आदराने ऐकला पाहिजे, कारण त्यामागे आईची काळजी असते. विवस्त्र देह पाहून काढणे शोभते काय? आठव्या शतकात मूर्तिभंजकांनी चित्रे फोडण्याचा सपाटा लावला तेव्हा दमास्कसच्या संत जॉनने चित्रांची बाजू घेतली. अदृश्य देवाचे चित्र काढता येत नव्हते हे खरे. पण तो देह धारण करून माणसांत वावरला, म्हणून आता त्याचे चित्र काढता येते, असा त्यांचा आधार होता. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने चित्रांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या चर्चमधील प्रत्येक मूर्ती त्या निर्णयाच्या ऋणात आहे. ज्या धर्माचा चित्रकलेवरील हक्कच देहधारणेवर उभा आहे, त्या धर्माच्या घरात देहाचा अभ्यास हा लाजेचा विषय कसा ठरतो?

हा वाद नवा नाही. सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलँजेलोने १५४१ मध्ये 'अंतिम न्याय' पूर्ण केले, तेव्हा पोपचे समारंभाधिकारी बियाजो द चेझेना यांनी नग्न आकृतींवरून गहजब केला. चित्रकाराने त्यांचाच चेहरा नरकाचा न्यायाधीश मिनोस याला दिला, त्याला गाढवाचे कान लावले आणि अंगाभोवती साप गुंडाळला, असे वसारीने लिहून ठेवले आहे. तो मिनोसही ग्रीक पुराणातला. म्हणजे कल्पित व्यक्ती पोपच्या खासगी चॅपेलमध्येही आहेच! पुढे १५६५ मध्ये दानिएले द व्होल्तेरा या चित्रकाराकडून अनेक आकृतींवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली आणि त्या बिचाऱ्याला लोकांनी 'चड्ड्या शिवणारा' असे नाव ठेवले. चार शतकांनंतर भित्तिचित्र स्वच्छ करण्यात आले तेव्हा नंतरच्या काळात चढवलेली बरीचशी वस्त्रे काढून टाकण्यात आली. ८ एप्रिल १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेथे मिस्सा अर्पण केली आणि आपल्या प्रवचनात त्या चॅपेलला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे पवित्रस्थान म्हटले. चड्ड्या शिवण्याची बाजू घ्यायची, की पोप जॉन पॉल यांची, हे प्रत्येकाने ठरवावे.

याच पोपमहोदयांनी १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील आपल्या बुधवारच्या शिकवणीत कला आणि अश्लीलता यांतील भेद समजावून सांगितला होता. सारांश असा की, देह दाखवला एवढ्याने चित्र अश्लील होत नाही. देहाला त्याच्या व्यक्तीपासून तोडून उपभोगाची वस्तू केले की ते अश्लील होते. चित्रकलेच्या वर्गात नेमके याच्या उलट घडते. वीस मिनिटे एखाद्या वृद्धाच्या गुडघ्याकडे पाहणाऱ्याला त्या गुडघ्यात त्याचे अवघे आयुष्य दिसू लागते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत, जिची स्थापना १८५७ ची, कित्येक पिढ्या असा अभ्यास होत आला आहे. २०१८ मध्ये पडद्यावर आलेल्या रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटात मुलाच्या शिक्षणासाठी तेथे मॉडेल म्हणून बसणारी आई आहे. तो चित्रपट २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या यादीतून ऐन वेळी वगळण्यात आला होता. नावाला भिणारे सर्वत्र असतात.

तरीही विवेक हवा, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. अल्पवयीन मुलामुलींना विवस्त्र मॉडेलसमोर बसवण्याची काहीच गरज नाही. वस्त्रे नेसलेल्या माणसाकडून, स्वतःच्या डाव्या हाताकडून, पुतळ्यांकडून आणि शरीररचनेच्या पुस्तकांतून शिकण्याजोगे इतके आहे की, त्यात वर्षे जातील. पुढे कलाशिक्षणासाठी गेल्यावर वर्गाची शिस्त कशी आहे, मॉडेलचा मान राखला जातो ना, छायाचित्रे घेण्यास मज्जाव आहे ना, हे पालकांनी जरूर विचारावे. विचारणे हा पालकांचा अधिकार आहे. जाळणे हा नाही.

आता दोन शब्द आमच्या तरुण चित्रकारांसाठी; कारण पालकांना बोल लावून त्यांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. तुमच्यापैकी अनेकांना योद्धे आणि राण्या काढायच्या असतात, पण सरावाचा कंटाळा असतो. मग सगळे चेहरे एकाच कोनातून, सगळ्यांचे हात पाठीमागे, पावले गवतात किंवा धुक्यात बुडालेली आणि उरलेसुरले झग्याखाली झाकलेले! आम्ही चित्रकार नाही, परंतु इतकी वर्षे प्रवचनपीठावरून लोकांकडे पाहत आलो आहोत. लपवलेले हात आम्हांला ओळखू येतात. याच चित्रांत योद्धा स्त्रीला चिलखताच्या नावाखाली दोन चिंध्या देण्याची जी रीत पडली आहे, तिचाही आम्ही निषेध करतो. तलवारीचा वार अंगावर घेणारा देह कसा असतो हे ज्याने खरोखर पाहिले आहे, त्याला असले चिलखत सुचणार नाही. तो दोष देहाच्या अभ्यासाचा नसून अभ्यासाच्या अभावाचा आहे.

आणि आता तर संगणकाला चार वाक्ये सांगितली की तो क्षणार्धात राणी, घोडा आणि किल्ला काढून देतो. सुरुवातीला त्याच्या माणसांना सहा-सहा बोटे फुटत. आता तो पुष्कळ सुधारला आहे. मग सराव कशाला, असे मुले विचारतात. आमचे उत्तर साधे आहे. यंत्राने चित्र मिळते, पण पाहणारा डोळा घडत नाही. शंभर पावले काढणाऱ्या मुलीने शंभर वेळा देवाच्या निर्मितीपुढे मान लववलेली असते. ती मान यंत्र तिच्या वतीने लववू शकत नाही. दुसऱ्याकडून रोझरी म्हणवून घेण्यासारखेच ते आहे.

या साऱ्यात आपल्या समाजाचे काय पणाला लागले आहे, हे शेवटी सांगितले पाहिजे. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांचे जे मुख आपण चित्रांत पाहतो ते चित्रकारांच्या कल्पनेतून आले आहे. प्रभू येशूचे, संत जोसेफचे मुखही तसेच. आपली श्रद्धा सत्य आहे, पण त्या सत्याला चेहरा देण्याचे काम प्रत्येक पिढीत कोणाला तरी कल्पनेने करावे लागते. आणि ज्यांना ते करता येत नाही त्यांना दुसऱ्यांनी काढलेले चेहरे भिंतीवर लावावे लागतात. आपल्या दिवाणखान्यांतील पिंगट केसांचा, गोरापान येशू असाच आपल्याकडे आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणत्याही एका कलाशैलीला आपली म्हणून मानलेले नाही. सर्व वंशांच्या आणि प्रदेशांच्या कलेला तिच्या घरात वाव असावा.

ते शब्द येण्याच्या कितीतरी आधी गोव्याच्या सांतो इस्तेव्हाव बेटावर जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका या चित्रकाराने (१९०२-१९६७) ते आचरणात आणले होते. त्याने जे. जे. मध्ये शिक्षण घेतले, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे साधना केली, आणि पवित्र मरिया साडीत, आपल्या मातीच्या रंगात रंगवली. गोव्यातल्या आपल्याच धर्मबंधूंना ते सहन झाले नाही. त्याला घर सोडावे लागले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्याला आसरा दिला. आज गोव्यातच त्याची चित्रे मोलाने जपली जातात. आपण चित्रकारांना आधी हाकलतो आणि मेल्यावर त्यांची प्रदर्शने भरवतो. एवढा वेळ लावण्याचे कारण नाही.

म्हणून पालकहो, आमची विनंती अशी. मुलांची वही हाती आली तर ती शेवटच्या पानापर्यंत पाहा. न कळलेल्या चित्राविषयी मुलांना विचारा. मॉडेल मिळत नसेल तर स्वतः अर्धा तास खुर्चीवर बसा. आई भाजी निवडत असेल, बाबा जाळे किंवा सायकल दुरुस्त करीत असतील, आजी लाल लुगड्यात ओटीवर बसली असेल, तर तिथेच मुलाला कागद घेऊन बसू द्या. एखाद्या कल्पित राणीला आपल्या आजीचे हात मिळाले, तर त्या राणीला कोणी सैतानी म्हणणार नाही.

आमच्याकडून होण्याजोगे तेवढे आम्ही करीत आहोत. यापुढे दर रविवारी दुपारी तीन ते पाच धर्मग्रामाचे सभागृह चित्र काढणाऱ्यांसाठी उघडे राहील. वस्त्रे नेसलेली, आपल्यातलीच माणसे आळीपाळीने बसतील. पहिल्या रविवारी पांढरा झगा घालून आम्हीच बसणार आहोत. आमचे नाक वाकडे आले तरी तक्रार करणार नाही. त्या मुलीच्या घरी आम्ही एक कोरी चित्रवही पाठवली आहे आणि तिच्या आईवडिलांची, त्या दिवशी अर्धवट बोलल्याबद्दल, क्षमा मागितली आहे. वही त्यांनी ठेवून घेतली. मुलगी येईल की नाही, हे आम्ही रविवारी पाहू.